बेहजाद कसा पाहावा : हेरातच्या दरबारी चित्रकाराच्या अभ्यासाची एक वाट

कमालुद्दीन बेहजाद हे नाव फारसी चित्रकलेवरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येते, आणि त्याच्या नावावर इतकी चित्रे दाखवली जातात की ती सगळी एकाच हाताची असणे शक्य नाही, हे अभ्यासकाच्या लवकरच ध्यानात येते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आज अफगाणिस्तानात असलेल्या हेरात शहरी, तो तैमूरच्या वंशातील सुलतान हुसेन बायकरा याच्या पदरी होता. उतारवयात इराणच्या सफवी शहांच्या तब्रीझ येथील दरबाराशी त्याचे नाव जोडले गेले आणि १५३५ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. अशा माणसाचा अभ्यास करताना आधी चरित्र आणि मग चित्रे हा नेहमीचा क्रम सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या चरित्राची साधने थोडी आहेत, त्यांतली बरीच उशिराची आहेत आणि ती एकमेकांशी धड जुळतही नाहीत. चित्रांपैकी चार मात्र निःसंशय त्याची आहेत, म्हणून सुरुवात तिथून करावी.

सहीची चार चित्रे

ही चारही चित्रे एकाच हस्तलिखितात आहेत. सादी या फारसी कवीच्या 'बोस्तान' या काव्याची ही प्रत १४८८ मध्ये सुलतान हुसेनच्या ग्रंथालयासाठी तयार झाली. तिचे लेखन सुलतान अली मशहदी या त्या काळच्या अव्वल सुलेखनकाराने केले, आणि आज ती कैरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मूळ पान जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचे आहे, हे चित्र उघडण्यापूर्वी लक्षात ठेवावे. संगणकाच्या पडद्यावर चित्र एकदम मोठे करण्याचा मोह होतो. परंतु पहिल्यांदा ते मूळ आकाराएवढेच ठेवून, हातात धरलेले पुस्तक पाहावे तसे निवांत पाहावे. कोणते रंग आधी डोळ्यांत भरतात आणि नजर कुठून कुठे जाते, हे त्या आकारातच कळते. मोठे करून पाहणे नंतर आहेच.

चारांपैकी पहिले 'राजा दारा आणि त्याचा घोडेराख्या' हे घ्यावे. आधी गोष्ट माहीत करून घ्यावी, कारण चित्रकाराने आपला वाचक ती जाणतो असे गृहीत धरले आहे. शिकारीत लवाजम्यापासून दुरावलेल्या दाराकडे एक माणूस धावत येतो. राजा त्याला शत्रू समजून धनुष्याला हात घालतो, तेव्हा तो माणूस ओरडून सांगतो की मी आपल्याच घोड्यांचा राखणदार आहे. आणि मग राजाला चार शब्द सुनावतो, की लाखो घोड्यांतून हवा तो घोडा मी ओळखून काढू शकतो, आणि आपण मात्र मला पुष्कळदा पाहूनही ओळखत नाही. सादीला येथे राज्यकर्त्याचे कर्तव्य सांगायचे आहे. बेहजादने ते घोड्यांच्या मार्फत सांगितले आहे. हिरव्या कुरणात घोड्या आणि शिंगरे मोकळी आहेत, एक शिंगरू आईला लुचते आहे, आणि प्रत्येक जनावराचा रंग, मान व उभे राहण्याची ढब वेगळी आहे. घोडेराख्याचा दावा खरा आहे याचा पुरावा चित्रकाराने पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवला आहे. कुरणातली जनावरे एकेक करून पाहिल्याशिवाय या चित्रातला राजा समजत नाही.

आता चित्र मोठे करावे आणि दाराच्या बाणांच्या भात्यावर यावे. तिथे, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'बंदा बेहजादचे काम' अशा अर्थाचे अरबी शब्द आहेत. त्याच्या सह्यांची ही रीत पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे. सही चित्रातल्याच एखाद्या वस्तूवर असते, जागा नम्र असते, आणि शोधल्याशिवाय ती दिसत नाही. चित्राच्या खाली किंवा हाशियावर ठळक अक्षरांत बेहजादचे नाव दिसले तर आनंदी होण्याऐवजी सावध व्हावे. त्याच्या कीर्तीमुळे पुढच्या शतकांत संग्राहकांनी आणि विक्रेत्यांनी कितीतरी चित्रांवर ते नाव चढवले आहे.

दुसरे चित्र 'युसुफ आणि झुलेखा' हे होय. बेहजादचे एकच चित्र पाहण्याइतका वेळ असेल तर हे पाहावे. झुलेखा युसुफला आपल्या महालात नेते, एकामागून एक दालनांतून आत घेते आणि प्रत्येक दार मागे बंद करत जाते. सातव्या दालनात तिने हात धरताच तो निसटून पळतो. हे चित्र पाहताना माणसांकडे एकदम जाऊ नये. खालच्या बाजूच्या बंद दरवाजापासून निघावे, जिना कुठे आहे ते शोधावे, तो कोणत्या दाराशी संपतो आणि पुढचे दार कुठे आहे ते बोटाने फिरत पाहावे. वाट नागमोडी वर चढते, इमारतीचा काही भाग समोरून तर काही भाग कापून उघडा केल्यासारखा दिसतो, दारे सगळी बंद आहेत, आणि साऱ्या महालात त्या दोघांखेरीज चिटपाखरू नाही. वर उजवीकडे पोहोचल्यावर हिरव्या वस्त्रातला, डोक्याभोवती ज्योतींचे वलय असलेला युसुफ आणि त्याच्याकडे झेपावणारी, लाल वस्त्रातली झुलेखा दिसते. इतक्या दारांतून फिरून आल्यावर तो आता सुटणार कसा, हा प्रश्न पाहणाऱ्याला आपोआप पडतो.

येथे आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. हस्तलिखित सादीचे असले तरी सादीच्या मजकुरात हा सात दालनांचा महाल नाही. तो हेरातमध्येच राहणाऱ्या, बेहजादच्या काळी हयात असलेल्या जामी या कवीच्या काव्यातला आहे, आणि जामीच्या ओळी इमारतीवरच्या कोरीव पट्ट्यांमध्ये चित्रकाराने लिहून ठेवल्या आहेत. हिजरी सन ८९३, म्हणजे इसवी सन १४८८, हाही त्याच इमारतीवर आहे. म्हणून फारसी चित्र पाहताना, लिपी वाचता येत नसली तरी, अक्षरे कुठे कुठे आहेत एवढे जरूर पाहावे. चौकटीत बसवलेला मजकूर ग्रंथाचा असतो. भिंतीवर, कमानीवर, गालिच्यावर किंवा भात्यावर असलेला मजकूर बहुधा चित्रकाराकडून आलेला असतो.

उरलेल्या दोन चित्रांत मशिदीचे प्रसंग आहेत: एकात दाराशी अडवलेला भिकारी, दुसऱ्यात विद्वानांचा वादविवाद. ग्रंथाच्या सुरुवातीला सुलतानाच्या मेजवानीचे दुपानी चित्रही आहे, ते शेवटी पाहिले तरी चालते.

पान कसे तयार होई

चित्र एका माणसाने रंगवले तरी पान एका माणसाचे नसे. दरबारातील किताबखाना हे ग्रंथालय असे आणि कारखानाही असे. कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटत. मग सुलेखनकार मजकूर लिही आणि चित्रासाठी जागा कोरी सोडी. त्यानंतर चित्रकार, सोन्याची वेलबुट्टी काढणारे नक्षीकार, रेघा मारणारे आणि बांधणीकार असा पानाचा प्रवास चाले. किती जागा मोकळी सोडायची आणि शेवटच्या ओळी चित्रात कुठे येऊ द्यायच्या, हे चित्रकाराने ब्रश उचलण्याआधीच ठरलेले असे. युसुफच्या चित्रात मजकुराच्या चौकटी इमारतीच्या भागांसारख्या बेमालूम बसल्या आहेत, आणि सुलेखनकार व चित्रकार यांच्यात आधी बोलणे झाल्याशिवाय हे साधणार नाही.

अशा कारखान्याचे रोजचे जीवन कसे होते हे जाणण्यासाठी एक विलक्षण कागद उपलब्ध आहे. बेहजादच्या आधीच्या पिढीत, हेरातमध्येच, बायसुंघुर या राजपुत्राच्या किताबखान्याचा प्रमुख जाफर तब्रीझी याने कामाच्या प्रगतीचा अहवाल धन्याला पाठवला, आणि तो इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात टिकून राहिला. कोणाचे काम कुठवर आले आहे, अमीर खलील याने सादीच्याच 'गुलिस्तान'च्या प्रतीतील समुद्राला चांदी लावून झाली असून आता तो रंगाला लागेल, एका कलाकाराचे डोळे काही दिवस दुखत होते, असा तो मजकूर आहे. दरबारी चित्रकार म्हटल्यावर कलंदर प्रतिभावंताची जी मूर्ती मनात उभी राहते ती या अहवालापुढे टिकत नाही. महिन्याच्या कामाचा हिशेब देणारी, वरिष्ठाच्या देखरेखीखाली एका बैठकीत बसून काम करणारी ही माणसे होती.

चांदीचा उल्लेख पाहणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. फारसी चित्रांत पाणी अनेकदा चांदीने रंगवत, आणि चांदी काळवंडते. त्यामुळे सुंदर बागेतून काळपट, चिखलासारखा ओहोळ वाहताना दिसला तर मूळचा तो चमकता होता असे मनाने दुरुस्त करून घ्यावे. जंगाल हा तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागद खातो. म्हणून काही हस्तलिखितांत नेमकी हिरव्या जागी चीर पडलेली किंवा पान तपकिरी झालेले आढळते. बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्द या दगडाचा निळा, हिंगुळाचा लाल आणि सोने हे मात्र बहुधा आजही ताजे दिसतात. छपाईत सोने पिवळट सपाट येते. प्रत्यक्षात ते अकीकाने घोटलेले असते आणि पान हलवले की उजळते, हे एखाद्या संग्रहालयात कोणतेही सोनेरी हस्तलिखित थोडे तिरके उभे राहून पाहिले की कळेल.

नाव जोडलेली चित्रे

चार चित्रे डोळ्यांत मुरल्यावरच, केवळ शैलीवरून किंवा जुन्या नोंदींवरून बेहजादची मानलेली चित्रे उघडावीत. त्यांत ब्रिटिश लायब्ररीतील निजामी या फारसी कवीच्या 'खम्सा' या पाच काव्यांच्या संचाची प्रत सर्वात महत्त्वाची आहे. ती १४९४-९५ च्या सुमाराची आहे आणि पुढे मोगल बादशहांच्या संग्रहात होती. जहांगीराने तिच्यावर स्वतः नोंद केली आहे की यातल्या २२ चित्रांपैकी १६ बेहजादची, पाच मीरकची आणि एक अब्दुल रझाकचे आहे. कोणत्या चित्रकाराने काय काढले हे आपण पाहताक्षणी सांगू शकतो, अशी बढाई जहांगीराने आपल्या आठवणींत मारली आहे, आणि त्याची नजर खरोखर तयार होती. तरीही ही नोंद काम झाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. तिला जाणकाराचे मत मानावे, दाखला मानू नये.

या प्रतीतील 'खवर्नक महालाचे बांधकाम' हे चित्र तपशिलाने पाहावे. निजामीच्या कथेत सिमनार हा स्थपती राजासाठी अद्वितीय महाल बांधतो, आणि त्याने दुसऱ्या कोणासाठी त्याहून सुंदर महाल बांधू नये म्हणून राजा त्याला उंचावरून ढकलून मारतो. चित्रात राजा नाही, वधही नाही. परांची आहे, शिडी आहे, कोणी दगड घडवतो आहे, कोणी चुना कालवतो आहे, कोणी विटा वर देतो आहे आणि वरचा झेलतो आहे, कोणी ओझे घेऊन चढतो आहे. मजुरांचे वर्ण वेगवेगळे आहेत, पाठी वाकलेल्या आहेत, आणि दोन माणसे एकाच पवित्र्यात सापडत नाहीत. येथे अभ्यासाची एक जुनी युक्ती उपयोगी पडते: प्रत्येक माणसाचे काम एका वाक्यात लिहून काढावे आणि नंतर त्या कामांचा क्रम लावून पाहावा. दगड आणि चुना खालून निघून भिंतीपर्यंत कसा पोहोचतो हे त्या टिपणातून उलगडते, आणि विखुरलेली वाटणारी माणसे एका साखळीत बांधलेली आहेत हे दिसते.

याच प्रतीत खलिफा हारून अल रशीदच्या हमामखान्याचे चित्र आहे. एका भागात कपडे उतरवण्याची खोली, दुसऱ्यात न्हाव्यापुढे बसलेला खलिफा, आणि वर वाळत घातलेले निळे पंचे, ते काठीने हाताळणारा नोकर. इस्लामी जगाचा स्वामी येथे कमरेच्या वस्त्रावर बसला आहे, आणि इतरांपासून त्याला वेगळे काढण्यासाठी पाहणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते. मला हे चित्र खवर्नकहूनही धीट वाटते. राजाच्या पैशावर जगणाऱ्या चित्रकाराने राजाला इतके साधे दाखवावे आणि धन्याने ते आपल्या ग्रंथात ठेवावे, यावरून हेरातच्या त्या दरबाराची रसिकता कळते; सुलतान हुसेन, त्याचा मित्र आणि कलावंतांचा आश्रयदाता कवी अली शेर नवाई आणि जामी हे त्या रसिकतेचे धनी होते.

नाव जोडलेल्या कोणत्याही चित्रासमोर तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. माणसे कामात आहेत की नुसती जागा भरत आहेत? इमारतीतून चालत जाता येते की ती पडद्यासारखी मागे टांगलेली आहे? चेहरे एकाच साच्याचे आहेत की वयाप्रमाणे आणि वर्णाप्रमाणे बदलतात? उत्तरे समाधानकारक आली तरी चित्र बेहजादचेच ठरते असे नाही, कारण कासिम अलीसारखे त्याच्या परिसरातले चित्रकार ही शिस्त उत्तम जाणत होते. उत्तरे निराशाजनक आली तर मात्र नाव बाजूला ठेवायला हरकत नाही.

आता चरित्र

चित्रे पाहून झाल्यावर चरित्राची साधने वाचावीत, आणि प्रत्येक साधनाशेजारी ते कोणी, कधी आणि कोणाच्या बाजूने लिहिले याची नोंद करावी. लहानपणीच तो पोरका झाला आणि मीरक नक्काश या किताबखान्याच्या प्रमुखाने त्याला वाढवले, ही हकीकत काझी अहमद या सफवी लेखकाकडून येते. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहीत होता. मीरक त्याचा गुरू होता याला मात्र मिर्झा हैदर दुघलात या आधीच्या लेखकाचाही दुजोरा आहे. हैदरचे आणखी एक मत मोलाचे आहे: हाताच्या नाजूकपणात शाह मुझफ्फर हा चित्रकार बेहजादहून सरस होता, परंतु रेखाटनात आणि आकृत्यांची मांडणी करण्यात बेहजाद वरचढ ठरतो. खवर्नकचे चित्र पाहिलेल्याला हे लगेच पटेल.

बाबर १५०६ मध्ये हेरातला गेला होता. त्याने लिहिले आहे की बेहजादचे काम फार नाजूक असे, परंतु दाढी नसलेले चेहरे त्याला नीट जमत नसत, हनुवटीखालचा भाग तो फार लांबवी. दाढीवाले चेहरे मात्र उत्तम काढी. एवढ्या नेमक्या शब्दांतली समकालीन टीका क्वचितच मिळते. ती हातात घेऊन पुन्हा चित्रांकडे जावे आणि तरुण व म्हातारे चेहरे शेजारी शेजारी ठेवून तपासावे. १५०७ मध्ये उझबेकांचा राजा शैबानी खान याने हेरात घेतले, आणि तो बेहजादची चित्रे स्वतः दुरुस्त करत असे, असे बाबर हेटाळणीने सांगतो. ते वाचताना मात्र शैबानी खान हा बाबराला समरकंदमधून हुसकावणारा वैरी होता, हे विसरू नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बेहजादचे मानले जाणारे शैबानी खानाचे एक चित्र आहे; त्यात तो गलेलठ्ठ, शांत, तक्क्याला टेकून बसलेला आहे. चित्रकाराने धन्याची टर उडवली आहे असे त्यात काही दिसत नाही.

१५१० मध्ये इराणच्या सफवी शाह इस्माईलने शैबानी खानाचा पराभव करून हेरात जिंकले. यानंतरची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते: ऑटोमन तुर्कांशी झालेल्या १५१४ च्या चाल्दिरानच्या लढाईत शहाने बेहजादला गुहेत लपवले आणि हरल्यावर पहिली चौकशी त्याचीच केली. ती मुस्तफा अली या ऑटोमन लेखकाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिली, आणि तिला समकालीन आधार नाही. सुंदर दंतकथा म्हणून ती वाचावी आणि कालपटातून वगळावी. १५२२ च्या फर्मानाची नक्कल मात्र इतिहासकार ख्वांदमीरच्या पत्रसंग्रहात आहे, आणि तिच्यात बेहजादची शाही किताबखान्याच्या प्रमुखपदी नेमणूक केली आहे. त्याच सुमारास, हेरातमध्ये वाढलेला, शाह इस्माईलचा मुलगा राजपुत्र तहमास्प तब्रीझला परतला. साठी ओलांडलेल्या चित्रकाराकडे या पदावर मुख्यतः देखरेख असणार, असे मानणे रास्त आहे. म्हणून तहमास्पच्या २५८ चित्रांच्या प्रसिद्ध 'शाहनामा'त बेहजादचा हात हुडकत बसू नये. त्यातला रंगांचा कल्लोळ सुलतान मुहंमदसारख्या तब्रीझच्या चित्रकारांचा आहे. गर्दीतही प्रत्येकाला जागा देण्याची शिस्त मात्र हेरातकडून आलेली दिसते.

भारतात ही परंपरा कशी आली ते पाहायचे तर हुमायूनबरोबर आलेले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे तब्रीझच्या परंपरेतले चित्रकार आधी अभ्यासावेत. मराठी वाचकाला त्याहून जवळचे उदाहरण अहमदनगरच्या निजामशाहीत मिळते. आफताबी याने रचलेले 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य पहिल्या हुसेन निजामशहाची आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईची प्रशस्ती आहे, आणि त्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. बेहजादचा येथे थेट संबंध नाही, तेव्हा त्याच्याशी थेट नाते जोडू नये. परंतु उंच क्षितिज, सोनेरी आकाश आणि मजकुराशी बांधलेली चौकट फारसी ग्रंथचित्रांतून कशी आली, आणि स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो हा दोहदाचा संस्कृत काव्यातला संकेत दख्खनी चित्रकाराने त्याच चौकटीत कसा बसवला, हे त्या पानांत पाहता येते. हुसेन निजामशहाच्या राणीची आकृती बऱ्याच पानांवर नंतर पुसून टाकलेली आहे. त्या डागांच्या कडाही नीट पाहाव्यात, कारण काही ठिकाणी मूळच्या आकृतीचा बाह्याकार अजून ओळखू येतो.